सार्वजनिक नोंदी आणि खासगी आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासगीपणाचा हक्क आणि माहिती मिळवण्याचा हक्क हे एकमेकांचे वैरी आहेत असे गृहीत धरूनच या विषयावरचे बहुतेक वाद सुरू होतात. पुढील उत्तरांमध्ये 2025 अखेरपर्यंतचे कायदे आणि न्यायनिवाडे यांच्या आधाराने जरा निराळी बाजू मांडली आहे. एखादी नोंद अस्तित्वात असणे ही एक बाब आहे आणि कोणाचेही नाव टाकताच ती क्षणात हाती लागणे ही दुसरी. कायद्याने मुख्यत्वे या दुसऱ्या बाबीला आवर घालावा, नोंदीला शक्यतो हात लावू नये, असे आमचे मत आहे. येथील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

माहिती आधीच सार्वजनिक असेल, तर खासगीपणाचा प्रश्न येतोच कुठे?

येतो, आणि इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या आधीच तो न्यायालयांसमोर आला होता. एफबीआयकडे असलेला एका व्यक्तीच्या अटकांचा आणि शिक्षांचा एकत्रित तक्ता पत्रकारांना द्यावा की नाही, हा वाद 1989 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्या तक्त्यातल्या बऱ्याच नोंदी कोणत्या ना कोणत्या न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात खुल्याच असतात, असा पत्रकारांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरलेले कागद कष्टाने शोधून काढणे आणि त्या सर्वांचा एका जागी तयार असलेला गोषवारा मिळणे यांत मोठा फरक आहे, असे न्यायालयाने म्हटले. शोधायला लागणारे कष्ट हाच त्या काळी सामान्य माणसाच्या खासगीपणाचा आडोसा होता. तो कोणी कायद्याने उभारला नव्हता, म्हणूनच तो गेला तेव्हा फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

हाच विचार 2018 मध्ये त्याच न्यायालयाने मोबाइलच्या बाबतीत पुढे नेला. एका आरोपीच्या फोनच्या 127 दिवसांच्या हालचालींची 12,898 स्थाने पोलिसांनी दूरसंचार कंपन्यांकडून वॉरंटशिवाय मिळवली होती. रस्त्याने जाणारा माणूस सर्वांनाच दिसतो, त्यात लपवण्यासारखे काही नसते. पण चार महिन्यांचा त्याचा प्रत्येक मुक्काम एका फायलीत आला की त्याचे आजारपण, श्रद्धा, नातीगोती आणि राजकारण सारेच उघडे पडते. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा मताने वॉरंट आवश्यक ठरवले.

‘विसरले जाण्याचा हक्क’ वापरला की माहिती खरोखर पुसली जाते का?

बहुतेक वेळा नाही. या हक्काचा उगम ज्या निकालात शोधला जातो, तो युरोपीय संघाच्या न्यायालयाने 13 मे 2014 रोजी दिला. स्पेनमधील एका वृत्तपत्रात 1998 मध्ये थकीत देण्यांसाठी होणाऱ्या मालमत्तेच्या लिलावाच्या जाहिराती आल्या होत्या. देणे केव्हाच फिटले, तरी त्या गृहस्थांचे नाव गूगलवर शोधले की वर्षानुवर्षे तीच जाहिरात समोर येई. वृत्तपत्राने ती पाने काढावीत ही त्यांची मागणी स्पेनच्या डेटा संरक्षण यंत्रणेने आधीच फेटाळली होती, कारण ती जाहिरात कायदेशीररीत्या छापलेली होती. पुढे न्यायालयाने शोधयंत्राला मात्र आदेश दिला, की नावावरून शोध घेतल्यावर तो दुवा दाखवू नये. म्हणजे नोंद जागच्या जागी राहिली आणि तिच्याकडे नेणारी एक वाट बंद झाली.

25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमावलीत कलम 17 खाली माहिती पुसून घेण्याचा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. त्याच कलमात अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सार्वजनिक आरोग्य, लोकहितासाठी केलेले जतन, वैज्ञानिक व ऐतिहासिक संशोधन आणि कायदेशीर दावे यांना अपवादही दिले आहेत. लोकांना पहिला भाग तोंडपाठ असतो आणि दुसरा माहीत नसतो. त्यामुळे अर्ज फेटाळला गेला की आपल्यावर अन्याय झाला असे वाटते.

काढलेला दुवा जगभरातून नाहीसा होतो का?

युरोपच्या कायद्यानुसार तशी सक्ती नाही. 24 सप्टेंबर 2019 च्या निकालात युरोपीय संघाच्या न्यायालयाने असे ठरवले, की दुवे संघातील देशांमधून होणाऱ्या शोधांतून काढावे लागतील, मात्र जगातील प्रत्येक आवृत्तीतून काढण्याचे बंधन शोधयंत्रावर नाही.

वृत्तपत्राच्या जुन्या अंकातले नाव बदलायला न्यायालय सांगू शकते का?

सांगू शकते, आणि इथे मामला अधिक नाजूक होतो, कारण आता हात वाटेला नव्हे, नोंदीलाच लागतो. बेल्जियममधील ‘ल स्वार’ या दैनिकाच्या इंटरनेटवरील संग्रहात 1994 मधील एका जीवघेण्या अपघाताची बातमी वाहनचालकाच्या पूर्ण नावानिशी होती. शिक्षा भोगून झाल्यावर त्या चालकाने नाव झाकण्याची मागणी केली आणि बेल्जियमच्या न्यायालयांनी ती मान्य केली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सर्वोच्च पीठाने 4 जुलै 2023 रोजी 12 विरुद्ध 5 मतांनी तो आदेश कायम ठेवला. मूळ छापील अंक अबाधित आहे आणि अभ्यासक तो पाहू शकतो, ही बाब बहुमताने महत्त्वाची मानली.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये घेतलेली भूमिका आम्हाला जास्त समतोल वाटते. 1981 मध्ये एका नौकेवर झालेल्या हत्यांसाठी जन्मठेप झालेला आणि 2002 मध्ये सुटलेला एक माणूस ‘डेर श्पीगल’च्या जुन्या लेखांबाबत न्यायालयात गेला होता. न्यायालयाने सांगितले, की प्रकाशकाने आपला सगळा संग्रह सतत तपासत बसण्याची गरज नाही. पण बाधित व्यक्तीने नेमकी तक्रार केली, तर लेख तसाच ठेवून निव्वळ नावावरून होणाऱ्या शोधात तो येणार नाही अशी तांत्रिक व्यवस्था करता येईल का, हे पाहिले पाहिजे. एखाद्या संशोधकाने त्या घटनेचा अभ्यास करताना लेख वाचणे आणि भावी शेजाऱ्याने कुतूहलापोटी नाव टाकून तो काढणे, या दोन वाचनांत असा फरक करता येतो. नावे खोडलेला संग्रह मात्र दोघांनाही सारखाच अपुरा मिळतो.

दोन्ही हक्क एकाच देशात नांदल्याचे उदाहरण आहे का?

स्वीडन. सरकारी कागद नागरिकांना पाहू देणारा जगातील पहिला कायदा तेथे 1766 मध्ये झाला, आणि संगणकावरील वैयक्तिक माहितीचे रक्षण करणारा पहिला राष्ट्रीय कायदाही तेथेच 1973 मध्ये झाला. तरीही तेथे सारे सुरळीत आहे असे नाही. प्रकाशनाचा परवाना काढून नागरिकांचे पत्ते, वय आणि न्यायालयीन प्रकरणे शोधू देणारी संकेतस्थळे तेथे चालतात आणि वृत्तपत्रांना मिळणाऱ्या घटनात्मक संरक्षणाचा लाभ घेतात. अशा शोधता येणाऱ्या साठ्यात घालण्यासाठी फौजदारी निकाल घाऊक प्रमाणात मागितले जात असतील, तर न्यायालये ते गोपनीयतेच्या कारणावरून नाकारू शकतात, असे स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये ठरवले. 1989 च्या अमेरिकी निकालाचेच हे तर्कशास्त्र आहे: सुटी नोंद खुली असली, तरी तिची मोळी खुली असेलच असे नाही.

निर्दोष सुटलेल्या व्यक्तीला निकालपत्र संकेतस्थळावरून हटवून घेता येते का?

भारतात हा प्रश्न अजून सुटलेला नाही. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या बाजूने आदेश देऊन ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळाला संबंधित निकाल काढायला सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निकालपत्रे हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि न्यायाधीशाने कोणत्या कारणाने कोणाला सोडले, हे तपासण्याचे तेच एकमेव साधन आहे, त्यामुळे निकालच गायब करणे चूक ठरेल. दुसरीकडे, नोकरी देणारा माणूस पहिल्या ओळीतले ‘आरोपी’ वाचतो आणि शेवटच्या परिच्छेदातल्या ‘निर्दोष’ या शब्दापर्यंत पोहोचत नाही, हेही तितकेच खरे. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार मुळातच गुन्हा आहे. तेथे नाव झाकूनही निकालाचे कायदेशीर मोल तसूभरही कमी होत नाही. हीच पद्धत निर्दोष सुटलेल्यांसाठी न्यायालयांनी स्वतः, प्रकाशनाच्या वेळीच, विनंतीवरून वापरली, तर खासगी संकेतस्थळांच्या मागे लागण्याची वेळ येणार नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीचा अधिकार कमकुवत झाला का?

आमच्या मते झाला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले आणि त्यानंतर डेटा संरक्षणाचा कायदा होणे अपरिहार्यच होते. तो 2023 मध्ये झाला. त्याच्या कलम 44(3) ने मात्र 2005 च्या माहितीच्या अधिकार कायद्यातील कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वीच्या तरतुदीप्रमाणे वैयक्तिक माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी संबंध नाही, अथवा ती दिल्याने खासगीपणावर अनावश्यक आक्रमण होईल, असे असावे लागे. शिवाय व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागे. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती कोणालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. नव्या मजकुरात हे सारे गाळून केवळ वैयक्तिक माहितीला सूट दिली आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले तेव्हा ही दुरुस्ती लगेच लागू झाली. नागरिकांना संमती आणि माहिती पुसून घेण्याविषयीचे हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदींसाठी मात्र 18 महिन्यांची मुदत ठेवली गेली. हा क्रम पाहण्यासारखा आहे.

कलम 8(2) अजून शिल्लक आहे आणि लोकहित वरचढ ठरत असेल तर माहिती देता येते, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद चूक नाही. पण आधी नकाराला कारणे द्यावी लागत, आता देण्यासाठी कारणे शोधावी लागतील, आणि सावध अधिकारी यातला कोणता मार्ग धरील हे सांगायला नको. लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराचे नाव, हजेरीपटावरची सही यांत कोणाचे ना कोणाचे नाव असतेच; नावाशिवाय भ्रष्टाचार सिद्ध करता येत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल उपयोगी आहे. 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवताना पाच न्यायाधीशांच्या पीठाने देणगीदाराचा खासगीपणा सरळ धुडकावला नाही. राजकीय कल गुप्त ठेवण्याचा नागरिकाचा हक्क आणि पक्षांना पैसा कोठून येतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क, दोन्ही मान्य करून कोणावर किती बंधन न्याय्य ठरेल याचे मोजमाप त्याने केले, आणि धोरणे वळवू शकणाऱ्या मोठ्या रकमांना गुप्ततेचे पांघरूण देता येणार नाही असा निष्कर्ष काढला. ज्याच्या हाती सत्ता किंवा पैसा जास्त, त्याच्याविषयी लोकांना कळण्याचा हक्कही जास्त, ही कसोटी माहितीच्या अर्जांनाही लावता आली असती.

कायदा वाचण्यासाठीच पैसे पडावेत का?

पडू नयेत, आणि अलीकडचे निकाल त्याच दिशेचे आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने आपल्या संहितेच्या अधिकृत टीपांवर कॉपीराइट सांगितला होता. 27 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो नाकारला. 5 मार्च 2024 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीची जी मानके युरोपीय कायद्याचाच भाग आहेत, ती नागरिकांना पाहता आली पाहिजेत, असा निर्णय दिला. दोन्ही प्रकरणांत एकच छोटी ना-नफा संस्था, ‘पब्लिक रिसोर्स’, लढत होती.

इंटरनेटवरची जुनी पाने जपणारे संग्रह कायदेशीर आहेत का?

पाने जपणे आणि पुस्तके उसनी देणे यांचे उत्तर एक नाही. 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने 2001 पासून बंद पडलेली आणि बदललेली संकेतस्थळे सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. सरकारांनी गुपचूप बदललेली पाने उघडकीस आणण्याचे काम पत्रकार याच संग्रहाच्या आधारे करतात. छापील पुस्तके स्कॅन करून एका प्रतीमागे एका वाचकाला देण्याची संस्थेची योजना मात्र चार मोठ्या प्रकाशकांच्या दाव्यात टिकली नाही; 4 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेतील अपील न्यायालयाने प्रकाशकांची बाजू उचलून धरली आणि संस्थेला पाच लाखांहून अधिक पुस्तके या योजनेतून काढावी लागली.

गंमत अशी, की याच अपील न्यायालयाने 2015 मध्ये गूगलने कोट्यवधी पुस्तके स्कॅन करून त्यांत शब्द शोधू देणे आणि एखादी ओळ दाखवणे न्याय्य वापर, म्हणजे लेखकाच्या परवानगीशिवायही चालणारा वापर, ठरवले होते. कॉपीराइटच्या क्षेत्रात शोध मोकळा आणि मजकूर बंद. खासगीपणाच्या क्षेत्रात मजकूर मोकळा आणि शोध बंद. दोन कायदे एकाच यंत्राला उलट्या दिशांनी ओढत आहेत.

नावे काढून टाकलेला डेटा प्रकाशित करणे निर्धोक असते का?

नाही. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध नावांऐवजी क्रमांक घालून खुले केले. पत्रकारांनी काही दिवसांतच त्यांतील एका बाईंचे घर गाठले. 2013 च्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू 95 टक्के लोकांना वेगळे ओळखण्यास पुरेसे ठरले. संशोधनासाठी डेटा द्यायचा, तर नियंत्रित ठिकाणी, करार करून आणि निष्कर्षच बाहेर नेता येतील अशा रीतीने द्यावा.

माझे उघड लिखाण किंवा छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरता येते का? आणि नंतर काढून घेता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देशागणिक आणि वापरागणिक वेगळे आहे. चेहऱ्यांच्या बाबतीत युरोपने रेघ स्पष्ट ओढली आहे: ओळख पटवणारे साठे तयार करण्यासाठी इंटरनेटवरून सरसकट चेहरे गोळा करणे 2 फेब्रुवारी 2025 पासून तेथे निषिद्ध आहे, आणि त्याआधीच सप्टेंबर 2024 मध्ये नेदरलँड्सच्या यंत्रणेने क्लिअरव्ह्यू कंपनीला 3 कोटी 5 लाख युरोचा दंड केला होता. पुस्तकांच्या बाबतीत जून 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अँथ्रोपिक कंपनीविरुद्धच्या दाव्यात प्रशिक्षणासाठीचा वापर न्याय्य मानला, पण चोरट्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या प्रतींचा संग्रह करणे मानले नाही. ते प्रकरण पुढे दीड अब्ज डॉलरच्या तडजोडीवर मिटले. संकेतस्थळे ‘रोबोट्स’ नावाच्या फायलीत यंत्रांना मनाई लिहू शकतात, परंतु 1994 पासून चालत आलेला हा संकेत मुळात सौजन्याचा आहे. तो पाळायचा की नाही हे येणारे यंत्र ठरवते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आतापर्यंतच्या सर्व उत्तरांत नोंद आणि तिची वाट वेगळी करता येत होती. भाषेच्या मोठ्या मॉडेलमध्ये, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रणालीत, ती करता येत नाही, कारण तेथे बोट ठेवावे असे पानच नसते. एखाद्याविषयीची माहिती अब्जावधी आकड्यांच्या परस्परसंबंधांत विरघळलेली असते आणि योग्य प्रश्न विचारला की कधी अचूक, कधी धादांत खोट्या रूपात बाहेर येते. वैयक्तिक माहितीवर घडवलेले मॉडेल आपोआप निनावी समजता येणार नाही, प्रत्येकाची स्वतंत्र छाननी करावी लागेल, असे मत युरोपियन डेटा संरक्षण मंडळाने डिसेंबर 2024 मध्ये दिले. व्यवहारात कंपन्या आज नावानिशी उत्तरे अडवणारी चाळणी लावतात. ती चाळणी निवडून आलेल्या नेत्याच्या विनंतीवरूनही लागू शकते, आणि ती लागली आहे हे वाचकाला कळत नाही. शोधयंत्राचा दुवा काढण्यामागे निदान न्यायालयाने आखलेल्या कसोट्या आहेत. इथे तसे काही नाही, आणि येत्या काही वर्षांत कायद्याने सर्वप्रथम भरून काढावी अशी हीच पोकळी आहे.

चॅटबॉटशी झालेला संवाद पुसला की तो जातो ना?

कंपनीच्या धोरणाप्रमाणे ठरावीक मुदतीने जातो, पण न्यायालय त्याआड येऊ शकते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ओपनएआय यांच्यातील कॉपीराइटच्या दाव्यात मे 2025 मध्ये न्यायालयाने संवादांच्या नोंदी, वापरकर्त्यांनी पुसलेल्या नोंदींसह, जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. पुढे नोंदी जपत राहण्याचे हे बंधन सप्टेंबर 2025 मध्ये संपले. ज्यांचे बोलणे जपले गेले, ते बहुतेक लोक या दाव्यात पक्षकार नव्हते.

वाचणाऱ्याच्या खासगीपणाचे काय?

याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाने कोणाला सांगू नये, ही ग्रंथालयांची जुनी शिस्त आहे. डिजिटल वाचनात ती जवळजवळ लोपली आहे. त्यात आता वय पडताळणीची भर पडली आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षा कायद्याखाली 25 जुलै 2025 पासून प्रौढांसाठीच्या मजकुराला वयाचा पुरावा मागितला जातो, आणि 10 डिसेंबर 2025 पासून ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. मुलांच्या रक्षणाचा हेतू रास्त आहे, पण मूल कोण नाही हे ठरवण्यासाठी सर्वांनाच ओळख दाखवावी लागते. ब्रिटनच्या त्याच कायद्याच्या नियमांमुळे विकिपीडियाच्या स्वयंसेवक संपादकांवर ओळख पडताळणीची वेळ येईल, अशा भीतीने विकिमीडिया प्रतिष्ठान न्यायालयात गेले. ऑगस्ट 2025 मध्ये दावा फेटाळताना न्यायालयाने पुढे प्रत्यक्ष अडचण आली तर पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवली. हुकूमशाही राजवटीतील घटनांविषयी लिहिणाऱ्या संपादकासाठी टोपणनाव ही हौस नसते.

दुवा किंवा माहिती काढून घेण्यासाठी अर्ज कसा करावा?

आधी मूळ संकेतस्थळाला लिहावे, कारण तेथे दुरुस्ती झाली तर बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. तेथे नकार मिळाला किंवा मजकूर कायदेशीर असूनही कालबाह्य असेल, तर शोधयंत्राच्या अर्जात प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता, कोणत्या नावाच्या शोधात ते दिसते आणि ते आज अप्रस्तुत का आहे, हे स्वतंत्रपणे लिहावे. ‘माझ्याविषयीचे सर्व काढा’ असा अर्ज टिकत नाही. जीडीपीआरखाली साधारणपणे एका महिन्यात उत्तर मिळायला हवे आणि नकार आल्यास त्या देशाच्या डेटा संरक्षण यंत्रणेकडे तक्रार करता येते. अर्ज पाठवण्यापूर्वी त्या पानाची दिनांकासह प्रत स्वतःकडे जपून ठेवावी, कारण पान मध्येच बदलले किंवा हटवले गेले, तर झालेल्या नुकसानीचा दावा करताना दाखवायला दुसरा पुरावा उरत नाही.